केमोची ऑर्डर लिहिताना आणि तपासताना: डे-केअरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

मिरज-सांगलीच्या केमो डे-केअरमध्ये सकाळी दहाला खुर्चीवर बसलेला पेशंट संध्याकाळी जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे जाणाऱ्या एसटीत असतो. काही जण अथणी, रायबाग, चिक्कोडीकडे जातात. औषध मात्र पुढचे दोन-तीन आठवडे त्याच्या शरीरात आपला परिणाम दाखवत राहतं, आणि तो काळ तो आपल्या नजरेआड, शंभर किलोमीटरवर काढतो. मात्रा चुकली तर ती वॉर्डात लक्षात येत नाही. गावाकडे तोंड सोलल्यावर किंवा ताप चढल्यावर लक्षात येते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

केमोच्या औषधांत उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातलं अंतर फार कमी असतं. इतर वॉर्डात एखादी अँटिबायोटिक दुप्पट गेली तरी बहुतेकदा निभावतं. इथे निभावत नाही. म्हणून हे टिपण नवीन रेसिडेंट डॉक्टर, फार्मासिस्ट आणि सिस्टर-ब्रदर अशा तिघांसाठीही आहे. माझं सगळं म्हणणं एका आग्रहाभोवती फिरतं: केमोच्या ऑर्डरवर नुसतं उत्तर लिहिलेलं चालणार नाही, गणित दिसलं पाहिजे. समोर “डॉक्सोरुबिसिन ८० मिग्रॅ” एवढंच असेल, तर तपासणाऱ्याच्या हातात सही करण्यापलीकडे काही उरत नाही.

पायरी १: आधी प्रोटोकॉल, सायकल आणि दिवस

औषधाचं नाव लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहा: कोणता प्रोटोकॉल (औषधांचा ठरलेला आराखडा), कितवी सायकल (उपचाराची फेरी), सायकलचा कितवा दिवस. मात्रा लिहिताना ती एका दिवसाची आहे की पूर्ण सायकलची, हे शब्दांत लिहा.

असं का, त्याचं सर्वांत कडवट उदाहरण बोस्टनचं आहे. १९९४ साली तिथल्या डाना-फार्बर या नामांकित कर्करोग संस्थेत बेट्सी लेहमन या आरोग्यविषयक पत्रकार बाईंना स्तनाच्या कर्करोगासाठी सायक्लोफॉस्फामाइड सुरू होतं. चार दिवसांत मिळून द्यायची मात्रा त्यांना रोज, चारही दिवस दिली गेली, म्हणजे चौपट. त्या डिसेंबर १९९४ मध्ये गेल्या. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स अशा कितीतरी नजरांखालून ती ऑर्डर गेली होती. चूक सापडली ती पुढच्या फेब्रुवारीत, नोंदी तपासणाऱ्या एका कारकुनाला. संस्था मोठी होती, माणसं हुशार होती. कागदावरची मात्रा मात्र दोन प्रकारे वाचता येत होती.

म्हणून “४ दिवसांत ४,००० मिग्रॅ” असं लिहू नका. “रोज १,००० मिग्रॅ, दिवस १ ते ४, एकूण ४,००० मिग्रॅ” असं लिहा. दोन आकडे एकमेकांवर पहारा ठेवतात.

प्रोटोकॉल आठवणीतून लिहू नये. विभागात छापील संच असतो, तो समोर ठेवायचा. संच नसेल तर रुजू झाल्यावर पहिली मागणी त्याचीच करा.

पायरी २: वजन-उंची आजची, आणि आपण घेतलेली

बहुतेक औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते, आणि पृष्ठफळ येतं उंची-वजनावरून. मागच्या कागदावरचं वजन उतरवून घेणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महागात पडणारी सवय आहे. आपल्याकडचे पेशंट दोन सायकलींच्या मध्ये चार-पाच किलो उतरतात. काहींच्या पोटात पाणी भरतं आणि वजन उलट वाढतं. वजन १० टक्क्यांनी बदललं तर मात्रा नव्याने काढायचीच. अनेक ठिकाणी ५ टक्क्यांनाच थांबून विचार करतात, आणि मला तेच योग्य वाटतं.

चपला, शाल, कमरेचा बटवा बाजूला ठेवायला सांगा. वजन किलोत आणि उंची सेंटिमीटरमध्येच लिहा. “पाच फूट” असं ऐकून आकडा टाकू नका, उंची पहिल्या भेटीत मोजून घ्या.

एक उदाहरण. बाईंची उंची १५२ सेंमी, वजन ४५ किलो. मोस्टेलरच्या सूत्राने १५२ गुणिले ४५ म्हणजे ६,८४०. भागिले ३,६०० म्हणजे १.९. त्याचं वर्गमूळ १.३८ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन ६० मिग्रॅ प्रति चौरस मीटर धरलं तर सुमारे ८३ मिग्रॅ. आता घाईत ४५ च्या जागी ५४ लिहिलं गेलं समजा. पृष्ठफळ १.५१ होतं आणि मात्रा सुमारे ९१ मिग्रॅ. ९१ हा आकडा पाहून कुणालाही खटकणार नाही. तो चुकीचा दिसतच नाही, आणि खरी भीती तीच आहे. तपासणाऱ्याने वजनापासून सुरुवात केली तरच तो सापडतो.

पायरी ३: कार्बोप्लॅटिनचं गणित वेगळं

कार्बोप्लॅटिनची मात्रा पृष्ठफळावर नाही, किडनीच्या कामावर ठरते. १९८९ साली मांडलेलं कॅल्व्हर्टचं सूत्र असं: ठरवलेला एयूसी गुणिले (जीएफआर अधिक २५). एयूसी म्हणजे औषध रक्तात किती आणि किती वेळ राहावं याचं माप, जीएफआर म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते तो आकडा. जीएफआर बहुतेक ठिकाणी कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने काढतात: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनी बाहेर टाकते तो घटक). बाई असेल तर पुन्हा गुणिले ०.८५.

साठ वर्षांची, ४५ किलोची बाई, क्रिएटिनिन ०.९ असेल तर जीएफआर सुमारे ४७ येतो आणि एयूसी ५ साठी मात्रा सुमारे ३६० मिग्रॅ. त्याच बाईचं क्रिएटिनिन ०.५ आलं तर जीएफआर ८५ आणि मात्रा ५५० मिग्रॅ. किडनी रातोरात सुधारली का? नाही. अंगात मांसच उरलं नाही, म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतं. आपल्याकडच्या खंगलेल्या पेशंटमध्ये हा फसवा आकडा नेहमी भेटतो. म्हणून अनेक केंद्रं ०.७ पेक्षा कमी क्रिएटिनिन आलं तरी ०.७ च धरतात. तुमच्या विभागाचा नियम विचारून घ्या आणि कोणता आकडा धरला ते ऑर्डरवर लिहा. दुसऱ्या टोकालाही कुंपण आहे: जीएफआर १२५ च्या वर धरायचा नाही. म्हणजे एयूसी ५ साठी ७५० मिग्रॅच्या पुढे मात्रा जाता कामा नये.

पायरी ४: रिपोर्ट वाचा, नुसते जोडू नका

रिपोर्ट कधीचा आहे ते आधी पाहा. गावच्या लॅबमधून आठवड्यापूर्वी काढलेला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आज उपयोगाचा नाही. साधारण दोन-तीन दिवसांच्या आतला हवा. एकूण पांढऱ्या पेशी ३,२०० पाहून “चालेल” वाटतं. पण त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, न्युट्रोफिल, ४० टक्के असतील तर त्यांची खरी संख्या १,२८० होते, आणि बहुतेक प्रोटोकॉलमध्ये १,५०० आणि प्लेटलेट १ लाख लागतात. लिव्हर, किडनी, पहिल्या सायकलपूर्वी हिपॅटायटिस बी, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईंची गर्भचाचणी हेही पाहायचं.

आयुष्यभराची मर्यादा असलेली औषधं वेगळी लक्षात ठेवा. डॉक्सोरुबिसिनची आजवरची एकूण बेरीज साधारण ४५० ते ५५० मिग्रॅ प्रति चौरस मीटरच्या पुढे गेली की हृदयाचा धोका झपाट्याने वाढतो. पेशंटने आधी पुण्यात किंवा मुंबईत उपचार घेतले असतील तर ती बेरीजही धरायची. त्यासाठी जुनी फाइल मागवा. “फाइल घरी राहिली” असं उत्तर आलं तर मुलाला फाइलचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा, पण बेरीज केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ५: लिहिण्याची शिस्त

औषधाचं नाव पूर्ण आणि जेनेरिक लिहा, कोणतंही लघुरूप नको. सिस्प्लॅटिन-कार्बोप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन-व्हिनब्लास्टिन, डॉक्सोरुबिसिन-डॉनोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल-डोसिटॅक्सेल ही नावं घाईतल्या अक्षरात सारखीच दिसतात. साधं डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन ही मात्रेच्या दृष्टीने दोन वेगळी औषधं आहेत. ट्रास्टुझुमॅब आणि ट्रास्टुझुमॅब एमटॅन्सिन यांचंही तसंच. दुसऱ्याची मात्रा किलोमागे ३.६ मिग्रॅ, तर तीन आठवड्यांनी द्यायच्या पहिल्याची ६, आणि सुरुवातीला ८. एक शब्द गळला तर मात्रा दुपटीच्या आसपास जाते.

पूर्णांकामागे दशांश आणि शून्य लावू नका. “२.०” मधला टिंब झेरॉक्समध्ये पुसला की २० होतात. उलट एकापेक्षा कमी आकड्याआधी शून्य हवंच: “०.५”, नुसतं “.५” नाही. व्हिन्क्रिस्टिनची एका वेळची मात्रा बहुतेक प्रोटोकॉलमध्ये २ मिग्रॅवर थांबवलेली असते, पृष्ठफळ कितीही येवो.

किती वेळात द्यायचं, हाही मात्रेचाच भाग आहे. २००६ साली कॅनडात एडमंटन इथे फ्लुरोयुरॅसिल चार दिवस सावकाश जायला हवं होतं. पंप ताशी १.२ मिलीऐवजी २८.८ मिलीवर लावला गेला आणि सगळं औषध चार तासांत गेलं. २८.८ हा २४ तासांचा आकडा होता. २४ ने भागायचं राहून गेलं, आणि लेबलवरही २८.८ छापलेलं असल्याने तो बरोबरच वाटला. पंप दुसऱ्या नर्सनेही तपासला होता. पेशंट सुमारे तीन आठवड्यांनी दगावली. आपल्याकडे ४६ तासांचे पंप लावून पेशंटला घरी पाठवतात. अशा वेळी ऑर्डरवर ताशी किती मिली, सुरू कधी, संपणार कधी, तिन्ही हवं. पंपावर छापलेला वेग ऑर्डरशी जुळवून मगच नळी उघडा. शिवाय चार तासांनी फोन करून पंपात किती औषध उरलंय ते विचारा.

पायरी ६: स्वतंत्र तपासणी

वरच्या दोन्ही घटनांत तपासणी झाली होती, तरी चूक गेली. कारण आधीच्या माणसाचं उत्तर डोळ्यांसमोर असलं की मन त्याच उत्तराकडे ओढतं. खरी तपासणी अशी: डॉक्टरांचा शेवटचा आकडा झाकून ठेवा. प्रोटोकॉल, वजन, उंची, रिपोर्ट एवढंच घ्या, स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर मात्रा काढा, कागदावर लिहा, आणि मग झाकण काढून जुळवा. फार्मासिस्टने एकदा, सिस्टरने एकदा. पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर काम थांबतं.

थांबवणं हीच नवीन माणसाला अवघड वाटणारी गोष्ट आहे. सर ओपीडीत ऐंशी पेशंट पाहत असतात, बाहेर नातेवाईक शेवटची गाडी चुकेल म्हणून ताटकळतात, आणि तुम्ही रुजू होऊन महिनाही झालेला नसतो. तरी फोन करा. “सर, चुकलंय” म्हणायची गरज नाही. “सर, माझं उत्तर ३६० येतंय, ऑर्डरवर ५५० आहे. क्रिएटिनिन कितीचं धरलंय?” एवढं विचारा. आकड्याने विचारलेल्या प्रश्नाचा राग कुणी धरत नाही, आणि धरला तरी औषध भरायचं नाही. बदल झाला तर ऑर्डर नव्याने लिहून घ्या. तोंडी बदल घेऊ नये, जुन्या आकड्यावर गिरवू नये.

पायरी ७: औषध तयार करताना

व्हायल हातात घेतल्यावर मिग्रॅ आणि मिली दोन्ही वाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा टेंडरमधून येणारा ब्रँड दर काही महिन्यांनी बदलू शकतो. डोसिटॅक्सेल वेगवेगळ्या कंपन्यांकडून वेगवेगळ्या तीव्रतेत येतं, त्यामुळे मागच्या महिन्यात काढत होतात तितके मिली या महिन्यात बरोबर असतीलच असं नाही. ऑक्सालिप्लॅटिन सलाइनमध्ये मिसळायचं नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. पॅक्लिटॅक्सेलला पीव्हीसी नसलेला सेट आणि फिल्टर लागतो.

व्हिन्क्रिस्टिनबद्दल तडजोड नाही. हे औषध शिरेतूनच द्यायचं. पाठीच्या कण्यात गेलं तर जवळजवळ प्रत्येक वेळी जीव जातो. २००१ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला वेन जॉवेट या १८ वर्षांच्या मुलाचा मृत्यू असाच झाला. ल्युकेमियाच्या पेशंटला कण्यात मेथोट्रेक्सेट आणि शिरेत व्हिन्क्रिस्टिन एकाच काळात चालू असतं, आणि दोन्ही सिरिंजमध्ये भरून एकाच ट्रेमध्ये आली की घात होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली इशारा दिला: व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरू नका, लहान सलाइनच्या पिशवीत द्या. पिशवी कण्याच्या सुईला कुणी जोडणार नाही. शिवाय कण्यातलं औषध वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत.

पायरी ८: खुर्चीपाशी

“तुम्ही पाटीलकाकू ना?” असं कधीच विचारू नका. आपल्याकडची वडीलधारी माणसं समोरच्याचं मन राखायला “हो” म्हणतात, आणि एका सकाळी तीन पाटीलकाकू असतात. “तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा” असं विचारा, ते फाइलशी, हातातल्या पट्टीशी आणि पिशवीवरच्या लेबलशी जुळवा. सीमाभागातला पेशंट न समजताही मान हलवतो. त्याला “निम्म हेसरेनु?” एवढं कन्नड तरी विचारता यायला हवं. तेही जमत नसेल तर सोबतच्या नातेवाइकाला घ्या.

डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. सुरू करण्यापूर्वी रक्त परत येतंय का पाहा. “जळजळतंय” म्हटल्याबरोबर आधी थांबवा. सुई लगेच उपसू नका. तिच्यातूनच जमेल तेवढं औषध परत ओढा आणि हाक मारा.

पायरी ९: गोळ्यांची चिठ्ठी

मला सर्वांत जास्त काळजी गोळ्यांची वाटते. इंजेक्शनवर तीन माणसांची नजर असते, गोळीवर घरातल्या एखाद्या नातवाची.

मेथोट्रेक्सेट अनेकदा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ल्युकेमियाच्या मुलाला पुढच्या टप्प्यात मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं, आणि दोन्ही गोळ्या पिवळसर. अदलाबदल झाली तर काही दिवसांत तोंड सोलून निघतं, पेशी कोसळतात. “आठवड्यातून एकदा” एवढं लिहून भागत नाही, वार लिहा. मी आधी विचारतो, “तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?” आणि तोच वार चिठ्ठीवर घालतो. बाजाराचा दिवस घरात कुणी विसरत नाही. एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या द्या. चिठ्ठीवर ठळक लिहा: “रोज घेऊ नये.” सोबत दुसऱ्या डॉक्टरने दिलेली कोट्रायमोक्साझोल किंवा दुखण्याची गोळी चालू आहे का, विचारा. त्यांच्यासोबत मेथोट्रेक्सेट अंगात साठतं.

कॅपेसिटाबिन साधारणपणे १४ दिवस चालू आणि ७ दिवस बंद असतं. आपल्या १.३८ पृष्ठफळाच्या बाईंना १,००० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, दिवसातून दोनदा ठरलं, तर एका वेळचे १,३८० मिग्रॅ होतात. पूर्ण गोळ्यांत बसवून ५०० च्या तीन गोळ्या सकाळी आणि तीन संध्याकाळी, जेवणानंतर अर्ध्या तासात. रोजच्या सहा, १४ दिवसांच्या ८४. मोजून ८४ च द्या. जास्त दिल्या तर पंधराव्या दिवशीही घेतल्या जातात, कारण “औषध उरलंय, कशाला वाया घालवायचं.” सुरू आणि बंद करायची तारीख लिहा, आणि पुढची सायकल रक्त तपासल्याशिवाय सुरू करायची नाही, हेही. जुन्या चिठ्ठीवर गावच्या मेडिकलमधून पुन्हा घेऊ नका, असं तोंडी सांगा आणि लिहूनही द्या.

झाडपाल्याच्या औषधांबद्दल रागावून विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. “घरी काढा, चूर्ण, भस्म काही चालू आहे का? पुडी सोबत आणा, बघू” म्हटलं की सगळं पुढे येतं.

पायरी १०: घरी जाताना

ऑक्सालिप्लॅटिन घेतलेल्याला स्टँडवर बर्फ घातलेला उसाचा रस पिऊ नका असं आठवणीने सांगा. पहिले काही दिवस गारव्याने घशात आणि बोटांत विचित्र मुंग्या येतात आणि माणूस घाबरतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तापाचं कार्ड. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, त्याच तासात जवळच्या दवाखान्यात जायचं. गावच्या डॉक्टरांना कार्ड दाखवता यावं म्हणून त्यावर औषधाचं नाव, दिल्याची तारीख आणि “पांढऱ्या पेशी कमी असू शकतात, अँटिबायोटिक तासाभरात सुरू करावं, सीबीसी काढावा, आम्हाला फोन करावा” एवढं असू द्या. कार्ड मराठीत आणि सीमेपलीकडच्यांसाठी कन्नडमध्येही छापून घ्या. घरात थर्मामीटर नसेल तर निघण्यापूर्वी विकत घ्यायला लावा आणि वाचायला शिकवा. कार्डावरचा नंबर मात्र रात्री दोनलाही कुणीतरी उचलेल असाच हवा. छापण्याआधी एकदा रात्री स्वतः लावून पाहा.